नागोयाची आशियाई पॅरा स्पर्धा आणि आपल्या सोलापूरची पोरं

पार्कचौक | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

आशियाई स्पर्धा म्हटलं की आपण कबड्डी, नेमबाजी, भालाफेक यांवर तावातावाने बोलतो. १९ सप्टेंबर २०२६ पासून जपानमध्ये आइची-नागोयाला ती स्पर्धा आहे, तिच्यावर धागे निघतीलच. मला बोलायचंय ते तिच्यापाठोपाठ त्याच ठिकाणी, १८ ते २४ ऑक्टोबरला होणाऱ्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेबद्दल, म्हणजे अपंग खेळाडूंच्या स्पर्धेबद्दल. ही स्पर्धा सोलापूरला वाटते तेवढी लांब नाही, असं माझं ठाम मत आहे.

मागची स्पर्धा हांगझोऊची. वर्ष २०२२ चं, पण प्रत्यक्षात झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. तिथून भारताने १११ पदकं आणली. २९ सुवर्ण, ३१ रौप्य, ५१ कांस्य आणि पदकतक्त्यात पाचवा नंबर. २०१० ला ग्वांगझूला आपली पदकं होती १४. मग इंचॉनला ३३, जकार्ताला ७२. हांगझोऊत शंभरी गाठून दिली ती नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या दिलीप गावितने, ४०० मीटरच्या सुवर्णाने. आणि २०१८ ला जकार्तात ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण आणि वर दोन कांस्य जिंकणारा सुयश जाधव तर आपल्या सोलापूरचा. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गेले, तरी रिओच्या पॅरालिम्पिकपर्यंत पोहोचला. अर्जुन पुरस्कारही मिळाला.

मी शहराच्या पूर्व भागात क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे यंत्रमागावर आणि विड्यांवर पोट असलेल्या घरांतली मुलं. जवळपास प्रत्येक वर्गात एखादं पोर असं असतं, की ज्याचा एक हात आखूड आहे, पाय ओढत चालतं, किंवा फळ्यावरचं दिसत नाही. खेळाच्या तासाला त्याला काय काम मिळतं? गुण लिहायचं. नाहीतर सगळ्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळायचं. शिक्षक वाईट असतात म्हणून हे होत नाही. या पोराला नेमकं कुठल्या गटात, काय खेळता येईल हे आमच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मैदान, पैसा, कोच हे सगळं नंतर. पहिलं दार आहे ते गट ठरण्याचं, म्हणजे क्लासिफिकेशनचं. ते दार कुठं आहे हेच घराघरात माहीत नाही, म्हणून आपली पोरं बाहेर राहतात. ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथे सविस्तर लिहावं. हा धागा पालकांना वाचायला देता आला पाहिजे.

---

माणदेशी | सोमवार, रात्री ९.४८

सर, धागा काढलात, बरं केलंत.

आमचं गाव सांगोल्याच्या पल्याड, आटपाडीच्या शिवेवर. तुम्ही सुयशचं नाव घेतलंत, मी आमच्या सचिन खिलारीचं घेतो. करगणीचा पोरगा. जिल्हा सांगली, पण माती एकच, सांगोल्यासारखीच. शाळेत असताना सायकलवरून पडला, कोपराला लागलं आणि गँगरीन होऊन हात कामातून गेला. तोच पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि गोळाफेकीत एफ-४६ गटात (हातात दोष असलेल्यांचा गट) हांगझोऊला १६.०३ मीटर टाकून सुवर्ण घेऊन आला. २०२४ ला कोबेला जागतिक विजेता. त्याच वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर आणि रौप्य. पॅरालिम्पिकच्या गोळाफेकीत भारताच्या पुरुषाला १९८४ नंतर मिळालेलं हे पहिलं पदक.

१६.३२ मीटर म्हणजे किती ते ज्यांना कळत नसेल त्यांनी सहा किलोचा गोळा हातात धरून बघा. या गटात पुरुषांना सहा किलोचाच असतो. आमच्याकडं तालमीतली धडधाकट पोरं दहा मीटरला दमतात.

---

पुणेरी_आकडा | सोमवार, रात्री १०.३०

कौतुक आहेच, पण एक मुद्दा नोंदवून ठेवतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपली पदकं १०७ आणि पॅरात १११, म्हणून पॅरावाले पुढे, अशी तुलना त्या वेळी बरीच फिरली. ती करू नये. पॅरात साडेपाचशेच्या वर पदकप्रकार होते आणि आशियाईत ४८० च्या आसपास. १०० मीटरची शर्यत पॅरात एक नसते, प्रत्येक गटाची वेगळी असते. काही गटांत खेळाडूही मोजकेच येतात. शिवाय आपल्या १११ मधली ५५ पदकं एकट्या अ‍ॅथलेटिक्सची आणि २१ बॅडमिंटनची. म्हणजे सगळ्या खेळांत आपण पुढे आहोत असं नाही. पोहण्यात तर आपण फारच मागे. चीनची सुवर्णं २१४ होती, हेही लक्षात असू द्या.

---

पार्कचौक | सोमवार, रात्री ११.०५

@पुणेरी_आकडा, तुलनेबद्दल पूर्ण मान्य. दोन्ही स्पर्धा आपापल्या जागी मोठ्या आहेत, एकीला दुसरीच्या मापाने मोजायची गरज नाही.

पण तुमच्याच आकड्यांतून मला आमच्या कामाची गोष्ट दिसते. ५५ पदकं अ‍ॅथलेटिक्सची का? कारण गोळा, थाळी, भाला, धावणं, उडी याला मैदान आणि मोजपट्टी पुरते. हे सोलापुरात जमण्यासारखं आहे. चीनने सगळीकडे जाळं टाकून मुलं शोधली. आपल्याकडे मूल स्वतः धडपडत दारापर्यंत आलं तरच दिसतं.

---

फिजिओताई | मंगळवार, सकाळी ७.२०

क्लासिफिकेशनबद्दल मी लिहिते. रोजचं काम आहे, आणि पालकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

सरकारी प्रमाणपत्र आणि खेळाचा गट या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती मिळतात. खेळात टक्के बघत नाहीत. तिथे दहाच प्रकार पात्र धरतात : स्नायूंची ताकद कमी असणं, सांध्याची हालचाल कमी असणं, हात-पाय किंवा त्यांचा भाग नसणं, दोन पायांच्या लांबीत फरक, कमी उंची, स्नायूंचा ताठरपणा, हालचालीत तोल न साधणं, अनैच्छिक हालचाली, दृष्टिदोष आणि बौद्धिक अक्षमता. यात बसलं तरी 'किमान किती' याची अट असते. उदाहरणार्थ, अ‍ॅथलेटिक्समध्ये पायांच्या लांबीत किमान ७ सेंटिमीटरचा फरक लागतो. ४ सेंटिमीटर असेल तर मूल लंगडत असूनही पात्र ठरत नाही. उलट ज्याच्याकडे सरकारी कार्डच नाही असं पोर खेळाला पात्र असू शकतं. (कार्ड काढाच, बाकी सगळ्याला लागतं.)

आता आकडे. 'टी' म्हणजे ट्रॅक, उड्याही त्यातच. 'एफ' म्हणजे फेकीचे प्रकार. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीसारखे दोष, ४० आणि ४१ कमी उंची, ४२ ते ४४ पायाचे, ४५ ते ४७ हाताचे, पन्नाशीतले व्हीलचेअरवरचे किंवा बसून फेकणारे, ६१ ते ६४ कृत्रिम पायावर खेळणारे. साधारण नियम असा की त्या-त्या दशकात आकडा जितका लहान तितका दोष जास्त. पोहण्यात एस-१ ते एस-१० शारीरिक, ११ ते १३ दृष्टीचे, १४ बौद्धिक.

गट ठरवणाऱ्या मंडळात वैद्यकीय माणूस असतो आणि त्या खेळातला तांत्रिक जाणकारही असतो. टेबलावर तपासतात, मग मैदानावर हालचाल करायला लावतात आणि प्रत्यक्ष स्पर्धेतही लक्ष ठेवतात. नंतर खेळाडूला दर्जा मिळतो : गट पक्का, किंवा पुन्हा तपासणी लागेल. 'पुन्हा तपासणी' म्हणजे गट बदलू शकतो. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये थाळीफेकपटू विनोद कुमारचं एफ-५२ मधलं कांस्य असंच गेलं. पदक जिंकल्यावर फेरतपासणी झाली आणि तो त्या गटात बसत नाही असा निकाल लागला. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी सांगते की जुने एक्सरे, ऑपरेशनचे कागद, एमआरआय काहीही फेकू नका. निदान काय आहे हे कागदावर स्पष्ट नसेल तर मंडळ पुढची तपासणीच करत नाही.

---

तळ्याकाठी | मंगळवार, दुपारी १.१५

मी लहान मुलांना पोहायला शिकवते. सुयशचा विषय निघालाय म्हणून बटरफ्लायबद्दल सांगते.

बटरफ्लायच्या शेवटाला दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत, नाहीतर बाद. मग हातच नसतील तर? नियमात त्याची सोय आहे. अशा पोहणाऱ्याला शरीराच्या वरच्या भागाने भिंतीला स्पर्श करता येतो. बहुतेक वेळा डोकंच लागतं. म्हणजे पूर्ण वेगात येऊन कपाळ भिंतीवर आपटायची तयारी ठेवायची! शिकवताना भिंतीला फोम धरावा लागतो आणि शेवटच्या पाच मीटरला किक मोजायला शिकवावं लागतं. पूर्ण अंध गटात, एस-११ ला, भिंतीजवळ माणूस उभा करतात. हातात लांब काठी, टोकाला मऊ गोळा. पोहणारा जवळ आला की पाठीवर किंवा डोक्यावर एक टपली. ती टपली कधी द्यायची याचा सराव दोघांना मिळूनच करावा लागतो.

एक राग इथे काढते. इथल्याच एका तलावावर मी एक पाय नसलेल्या मुलीला घेऊन गेले होते. फी भरायची तयारी होती, जबाबदारीचं पत्र दिलं होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, "ताई, बाकीचे मेंबर तक्रार करतील." मुलगी बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती. पाण्यात तोल पायावर अवलंबून नसतो. चार दिवस द्या, ती पोरगी इतरांपेक्षा सरळ रेषेत पोहेल. माझा जीव तुटतो तो या 'नाही'पायी. ज्यांना पोहण्यात आपण मागे का असा प्रश्न पडलाय, त्यांना उत्तराचा एक भाग इथे सापडेल.

---

सायझिंगवाला | मंगळवार, रात्री ८.५५

अक्कलकोट रोडला आमचा फॅब्रिकेशनचा गाळा हाय. लूमचे पार्ट, बीमचे स्टँड, टॉवेल कारखान्याच्या ट्रॉल्या असलं काम. वर पार्कचौक सरांनी लिवलंय ना, त्यांनीच आमच्याकडं एक पोरगं आणलं होतं. कमरेखाली ताकद नाही, बसून गोळा टाकतंय. म्हणाले, फेकायची खुर्ची बनवून द्या. बाजारातली खुर्ची लई महाग पडती. आम्ही म्हणालो, करू की ओ, त्यात काय. पण नियम वाचल्यावर कळलं, काम साधं नाही.

बसायची जागा जमिनीपासून ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही, ती पण उशी धरून. आम्ही ७४ वर उशीसकट बसवली. पोरगं बसल्यावर उशी दबती, पण पंच न दबलेली मोजणार असं धरून चाललो. बसायची पाटी सपाट पायजे, नाहीतर मागं उतरती. पुढं उतरती केली तर जोर मिळतोय म्हणून चालत नाही. पुढच्या बाजूला धरायला एक दांडी देता येती. एक सलग, सरळ पायजे, वाक नको, आणि ओढल्यावर लवायला नको. आमच्या पोरानं पयल्यांदा एक इंची पाईप लावला, धरून हिसका दिला तर डोळ्याला दिसंल असा लवला. काढून टाकला. मग जाड भिंतीचा चौकोनी पाईप घेतला आणि बुडाला गसेट, म्हणजे आधाराची तिकोनी पट्टी मारली. आता दोन मोठी माणसं लोंबकळली तरी हलत नाही.

पट्टे ट्रकच्या दुकानातनं आणले. फेकताना बूड उचललं की फाऊल, म्हणून मांडीवरनं आणि कमरेवरनं घट्ट आवळायला लागतंय. पाय पण बांधले. खुर्ची जमिनीला चार बाजूंनी साखळीनं बांधायची, टर्नबकलनं ताणायची. वेळ मर्यादेत बांधून व्हायला पायजे, म्हणून हुक असे केले की घोड्याला खोगीर घालावं तसं भराभर बसतंय.

पैशाचं कुणी इचारू नका. सोलापुरात दुसऱ्या कुणाला खुर्ची लागली तर माप घेऊन या. मजुरी नाही, फक्त लोखंड आणा. लोखंड पण नसंल तर बघू.

---

पार्कचौक | मंगळवार, रात्री ९.३०

हे काम मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्यात भर घालतो. आधी हा मुलगा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून टाकायचा आणि गोळा सुटताना खुर्चीच मागे सरकायची. सगळा जोर खुर्चीत जायचा. नव्या खुर्चीवर पहिल्याच दिवशी गोळा आधीच्या खुणेच्या कितीतरी पुढे पडला. पोरगं हसलं नाही की काही नाही. मान वळवून दांडीकडे बघितलं आणि म्हणालं, "सर, ही अजून चार बोटं पुढं पायजे होती." दुसऱ्या दिवशी दांडी पुढे सरकवली.

आपल्या भाग्यश्री जाधवचं उदाहरण देतो त्याला. नांदेडची. एफ-३४ गटात, बसूनच गोळा टाकते. हांगझोऊला रौप्य, आणि पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर देशाचा झेंडा तिच्या हातात होता.

---

जुळेसोलापूर_ते_जपान | बुधवार, पहाटे ५.४०

मी जपानमध्ये असतो, क्यूशू बेटावर. नागोयाचा विषय निघालाय तर ही स्पर्धा मुळात कुठून आली ते लिहितो, कारण तिचा उगम इथलाच आहे.

इथे ओइता नावाचा प्रांत आहे, त्यात बेप्पू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथले हाडांचे डॉक्टर युताका नाकामुरा १९६० ला इंग्लंडला स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात शिकायला गेले. पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांना खेळवून बरं करणारे डॉ. गुटमन तिथे होते. नाकामुरा परतले आणि ओइताला अपंगांच्या स्पर्धा सुरू केल्या. लोकांनी टीका केली की आजारी माणसांचा तमाशा मांडताय. १९६४ ला टोकियो पॅरालिम्पिक झालं तेव्हा जपानी संघाची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांच्या लक्षात आलं की परदेशी खेळाडू नोकरीधंदा करणारे आहेत, स्पर्धा संपली की खरेदीला, फिरायला जातात. जपानी खेळाडू मात्र बहुतेक इस्पितळातून किंवा आश्रमातून आलेले, आणि स्पर्धा संपली की पुन्हा तिथेच.

म्हणून १९६५ ला त्यांनी बेप्पूला 'ताइयो नो इए' काढलं. नावाचा अर्थ सूर्याचं घर. दान नको, काम द्या, ही तिथली भूमिका. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी तिथे त्यांच्याबरोबर कारखाने काढले. त्याच माणसाच्या पुढाकाराने १९७५ ला ओइतात फेस्पिक स्पर्धा भरली, म्हणजे अतिपूर्व आणि दक्षिण पॅसिफिकमधल्या अपंगांची स्पर्धा. १८ देश, ९७३ जण. ती २००६ पर्यंत चालली, शेवटची क्वालालंपूरला. २०१० ला ग्वांगझूला तिच्या जागी आशियाई पॅरा स्पर्धा आली. ओइतात १९८१ पासून व्हीलचेअर मॅरेथॉन भरते. रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं रांगेने उभी असतात.

हे लांबवून सांगण्याचं कारण म्हणजे सायझिंगवाल्या दादांची पोस्ट. नाकामुरांनी खेळ आणि कारखाना वेगळे ठेवलेच नाहीत. सोलापूर कारखान्यांचं गाव आहे. जो मुलगा खुर्चीत बसून गोळा टाकतो तो बसून शिवणमशीन, पॅकिंग, डिझाइनचं काम करू शकतो. खेळाडूच्या घरात पगार येत असेल तरच तो दहा वर्षं खेळत राहतो.

---

माणदेशी | बुधवार, सकाळी ८.१०

@जुळेसोलापूर_ते_जपान, जबरदस्त माहिती. आपल्या मुरलीकांत पेटकरांचंही तेच. पेठ इस्लामपूरचे, सैन्यात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पुढे टेल्कोत नोकरी होती म्हणून घर चाललं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. ही शेहेचाळीस वर्षं मला सलतात. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव असतं तर गावातली किती पोरं लाजायची थांबली असती.

---

ऐकूयेत | बुधवार, सकाळी ११.००

माझा भाचा कर्णबधिर आहे, कबड्डी आणि धावणं दोन्ही उत्तम. फिजिओताईंच्या दहा प्रकारांत बहिरेपण दिसलं नाही. म्हणजे त्याला काहीच नाही का?

---

फिजिओताई | बुधवार, दुपारी २.३५

@ऐकूयेत, त्याच्यासाठी स्वतंत्र आणि याहूनही जुनी वाट आहे. कर्णबधिरांची जागतिक स्पर्धा म्हणजे डेफलिम्पिक्स, १९२४ ला पॅरिसला सुरू झाली. पॅरालिम्पिकपेक्षा छत्तीस वर्षं आधी! नोव्हेंबर २०२५ ची टोकियोला होती. अट अशी की ज्या कानाने जास्त ऐकू येतं त्या कानातही किमान ५५ डेसिबलचा दोष हवा, आणि खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवायचं. शर्यत दिव्याने सुरू होते. त्याला आतापासूनच घरी टॉर्चवर स्टार्ट घ्यायला शिकवा. पिस्तुलाचा आवाज आला की शेजारच्याला बघून पळण्याची सवय लागलेली असते, त्यात वेळ जातो. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा कागद, नवा करून घ्या.

---

लेकराची_आई | बुधवार, रात्री १०.२०

पहिल्यांदाच लिहितेय. कालपासून धागा वाचतेय.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, व्हीलचेअरवर असतो. हातांवर ताबा नाही, बोट धरून काही उचलायला सांगितलं तर हात भलतीकडेच जातो. बुद्धी तल्लख आहे, बुद्धिबळात मोठ्या भावाला हरवतो. चाली तोंडाने सांगतो, सोंगट्या मी हलवते. तुम्ही सगळे गोळा आणि पोहणं लिहिताय, ते त्याला शक्य नाही. त्याने काल मला विचारलं, "आई, माझ्यासारख्याला तिथं काय असतं?" म्हणून विचारतेय.

---

फिजिओताई | बुधवार, रात्री ११.१५

ताई, असतं. नक्की असतं. त्याला सांगा, खेळाचं नाव बोच्चा.

१२.५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद कोर्ट. एक पांढरा चेंडू आधी टाकतात, तो निशाण. मग एकाकडे सहा लाल आणि दुसऱ्याकडे सहा निळे चेंडू. ज्याचे पांढऱ्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. चेंडू कडक नसतात, हाताच्या पंजाएवढे, चामड्यासारखे. समोरच्याचा चेंडू ढकलायचा, वाट अडवायची, पांढराच सरकवून खेळ फिरवायचा. तुमच्या बुद्धिबळवाल्याला हे फार आवडेल.

ज्याला हाताने चेंडू टाकताच येत नाही त्याच्यासाठी बीसी-३ हा गट. तिथे घसरगुंडी वापरतात, तिला रॅम्प म्हणतात. खेळाडू सांगतो, "डावीकडे, थोडं अजून, वर, थांब." मदतनीस रॅम्प हलवतो आणि चेंडू त्यावर ठेवतो. सोडण्याचं काम खेळाडूचं. हाताने, किंवा डोक्याला बांधलेल्या काडीने. आणि नियम असा की मदतनिसाने कोर्टाकडे पाठ करून बसायचं. मागे वळून बघितलं तर दंड. डोळे आणि डोकं खेळाडूचं, हात तेवढे मदतनिसाचे. अनेक खेळाडूंची मदतनीस आईच असते. तुम्ही सोंगट्या हलवता ना, तेच काम.

---

लेकराची_आई | बुधवार, रात्री ११.४०

त्याला उठवून वाचून दाखवलं. झोपायला तयार नाही आता. "तू मागं वळून बघायचं नाहीस" हे मला तीनदा बजावून झालंय.

रॅम्प कुठे मिळतो? आणि पुढे जायचं कसं?

---

सायझिंगवाला | गुरुवार, सकाळी ६.३०

ताई, रॅम्प आम्ही करतो. फिजिओताईंनी नियम तेवढे सांगावे.

---

फिजिओताई | गुरुवार, सकाळी ७.१५

आडवा ठेवल्यावर रॅम्प २.५ मीटर बाय १ मीटरच्या चौकटीत बसला पाहिजे. चेंडूला धक्का देणारी स्प्रिंग किंवा यंत्र काही नको, नेम धरायला दुर्बीण किंवा लेझर नको. उतारावरून आपोआप जेवढा वेग येईल तेवढाच. म्हणून वरची टोकं जोडून उंची कमी-जास्त करता आली पाहिजे. लांबच्या चेंडूला उंच, जवळच्याला बुटका. आतला भाग गुळगुळीत हवा आणि सांध्यावर चेंडू उडता कामा नये. पहिल्या सरावाला सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून चालेल, खाली लाकडी स्टँड. चेंडू २७५ ग्रॅमच्या आसपासचा असतो, तो मात्र खराच मागवा. टेनिसच्या बॉलवर शिकलेला अंदाज कामाला येत नाही.

पुढचं असं. सरकारी ओळखपत्र नसेल तर त्याचा अर्ज आजच करा. न्यूरोच्या डॉक्टरांकडून निदानाचं पत्र घ्या, त्यात सेरेब्रल पाल्सीचा प्रकार आणि कुठले अवयव बाधित ते स्पष्ट लिहायला सांगा. मग राज्य पातळीवरची बोच्चाची निवड, तिथून राष्ट्रीय स्पर्धा, गट तिथे तपासला जाईल. आंतरराष्ट्रीय गट मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच मिळतो. या ऑक्टोबरच्या नागोयाचा विचार मनात आणू नका. त्याच्या पुढच्या आशियाई पॅरा स्पर्धेपर्यंत तो अठरा वर्षांचा होईल, तयारीला वेळ बेताचाच आहे.

---

पार्कचौक | गुरुवार, सकाळी ७.५०

कोर्टाची जागा माझ्याकडे. आमच्या शाळेच्या हॉलची फरशी सपाट आहे आणि दाराला उंबरा नाही, व्हीलचेअर सरळ आत येते. रविवारी मी चुन्याऐवजी टेपने १२.५ बाय ६ आखून घेतो. खुर्चीतून गोळा टाकणारा आमचा मुलगाही येईल.

@तळ्याकाठी, त्या मुलीला पुन्हा तलावावर न्यायचं ठरलं तर मला आधी कळवा. मी आणि फिजिओताई दोघं बरोबर येऊ, नियमांची प्रत घेऊन. प्रवेश नाकारायचा असेल तर लेखी द्या म्हणू.

---

तळ्याकाठी | गुरुवार, सकाळी ९.०५

शनिवारी सकाळी सहाची बॅच. मुलीच्या वडिलांशी आत्ताच बोलले, ते सुट्टी टाकून येतायत.

---

सायझिंगवाला | गुरुवार, दुपारी १२.४०

पाईप आणला, चिरायला घेतलाय. ताई, पोराची खुर्चीत बसल्यावर डोळ्याची उंची जमिनीपासून किती ते मोजून इथंच टाका. रॅम्पचं वरचं टोक त्याच्या नजरंच्या खाली राहायला पायजे, नाहीतर त्याला पांढरा चेंडू दिसणार नाही.

---

लेकराची_आई | गुरुवार, दुपारी १.१०

११२ सेंटिमीटर. उशी काढून ११०.